चमचाभर विरजण आणि वजनाचा काटा

औषधाच्या दुकानात काउंटरवर ओआरएसची पाकिटे ठेवायची जागा असते. तिथेच आता प्रोबायोटिक कॅप्सूलची रंगीत खोकी येऊन बसली आहेत. एखादे खोके उचलून नीट वाचावे. समोर ठळक अक्षरांत जिवाणूंची संख्या असते, तीही शेकडो कोटींत. शेजारी सपाट पोटाचे चित्र. मागच्या बाजूला, कपाळावरचा चष्मा खाली ओढावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत, चार-सहा लॅटिन नावे. आणि तळाशी एक ओळ: 'औषधी वापरासाठी नाही'. चित्र एक सांगते, तळाची ओळ दुसरेच. गिऱ्हाईक बहुधा चित्र पाहून पैसे काढते.

या चित्रामागे शास्त्र मुळीच नाही, असे मात्र नाही. आतड्यातले जिवाणू आणि लठ्ठपणा यांचा संबंध हा गेल्या वीस वर्षांतला वैद्यकातला मोठा विषय आहे. प्रश्न एवढाच की त्या संशोधनातून या खोक्यापर्यंत किती पुरावा पोचतो. बाहेरून घेतलेल्या जिवाणूंनी वजन उतरते का? रक्तातली साखर, इन्शुलिन, कोलेस्टेरॉल सुधारते का? आणि सुधारत असेल तर किती? हिशेबाची बाकी आधीच सांगून टाकतो: काही ठरावीक जिवाणूंनी, काही लोकांत, काही आठवड्यांपुरता फरक पडतो, पण तो इतका लहान असतो की घरच्या वजनकाट्याला तो जेमतेम कळेल. हा निष्कर्ष कसा निघाला, ते पाहण्यासारखे आहे.

शब्दाचा जन्म

दह्यातले जंतू माणसाला तारतात ही कल्पना शास्त्राच्या दरबारात आणली ती इल्या मेचनिकॉव्ह यांनी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाला १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळाले. ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होते. पण सामान्य लोकांत त्यांचे नाव झाले ते दह्यामुळे. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते आंबवलेले दूध भरपूर पितात, या दोन गोष्टींची त्यांनी गाठ घातली. त्या दह्यातला जिवाणू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुण डॉक्टरने जिनिव्हात शोधला होता. पुढे १९३० मध्ये जपानच्या मिनोरू शिरोटा यांनी पोटातल्या आम्लातून तगून जाणारे एक वाण वेगळे काढले, आणि १९३५ पासून ते 'याकुल्ट' या नावाने बाटलीत विकले जाऊ लागले.

आज चालते ती व्याख्या २००१ सालची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी ती केली. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतल्यावर ज्यांचा आरोग्याला फायदा होतो, ते प्रोबायोटिक. या वाक्यात तीन अटी आहेत: जीव जिवंत हवा, मात्रा पुरेशी हवी आणि फायदा सिद्ध झालेला हवा. तिसरी अट कठीण आहे आणि विकताना नेमकी तीच गाळली जाते. फायदा सिद्ध होतो तो एखाद्या नेमक्या वाणाचा, सबंध जातीचा नव्हे. आंबा म्हटला की हापूसही आला आणि रायवळही आला. पेटीचा भाव मात्र हापूसचा असतो. 'लॅक्टोबॅसिलस' एवढेच छापणे म्हणजे नुसते 'आंबा' लिहिण्यासारखे आहे. त्यात २०२० साली शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस या मोठ्या घराण्याची वाटणी करून २३ नवी कुळे केली, त्यामुळे खोक्यांवरची नावे आणखीनच गोंधळाची झाली.

उंदरांनी लावलेली आशा

लठ्ठपणाच्या कथेची सुरुवात अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये होते. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर होते. त्यांच्या आतड्यात एकही जिवाणू नव्हता. २००४ साली या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू सोडले. चौदा दिवसांत त्यांच्या अंगावरची चरबी ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन. त्यांचे शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देईनासे झाले. दोन वर्षांनी त्याच चमूने दाखवले की लठ्ठ उंदराचे जिवाणू दिले तर सडपातळ उंदराच्या जिवाणूंपेक्षा चरबी जास्त साठते. एकाच घासातून लठ्ठ उंदराचे जिवाणू जास्त ऊर्जा पिळून काढत होते.

त्याच सुमारास माणसांतही एक सोपे समीकरण मांडले गेले. आतड्यात फर्मिक्युट्स गटाचे जिवाणू जास्त आणि बॅक्टेरॉइडेट्स कमी असले की माणूस लठ्ठ. समीकरण सुटसुटीत असल्याने ते आरोग्याच्या पुस्तकांत आणि जाहिरातींत भराभर शिरले. त्याचा मूळ अभ्यास मात्र अवघ्या बारा लठ्ठ माणसांचा होता. २०१६ मध्ये दहा वेगवेगळ्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा एकत्र तपासली, तेव्हा हा संबंध फार क्षीण निघाला. एखाद्याच्या जिवाणूंचा नमुना पाहून तो लठ्ठ की सडपातळ हे खात्रीने सांगता येईना. हे गुणोत्तर मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्या आजही विकल्या जातात.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१३ चा प्रयोग. गॉर्डन यांच्या चमूने अशा जुळ्या बहिणी शोधल्या ज्यांच्यातली एक लठ्ठ होती आणि दुसरी नव्हती. दोघींचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर सुटले. मग दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे जिवाणूंची देवाणघेवाण आपोआप होते. सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्या उंदरात शिरले आणि त्याची चरबी वाढायची थांबली. मात्र एका अटीवर: खाणे कमी चरबीचे आणि भाज्या-फळांचे, चोथा असलेले हवे. तेलकट, चोथा नसलेले खाणे दिले तेव्हा चांगल्या जिवाणूंना पाय रोवताच आले नाहीत. कॅप्सूल गिळून वर वडापाव खाणाऱ्याने हा प्रयोग लक्षात ठेवावा.

आत काय घडते

आपल्याला जे पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे जेवण. ज्वारी-बाजरीतला कोंडा, डाळींची साले, भाज्यांचा चोथा यांच्यावर ते जगतात आणि बदल्यात ॲसिटेट, प्रोपियोनेट, ब्युटिरेट ही लहान आम्ले तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे इंधन. ही आम्ले आतड्यातल्या काही पेशींना चेतवतात आणि त्या पेशी जीएलपी-१ सारखी संप्रेरके सोडतात. जीएलपी-१ पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचवते आणि इन्शुलिनला मदत करते. सध्या गाजणारी वजन कमी करण्याची इंजेक्शने याच संप्रेरकाची नक्कल आहेत.

दुसरी वाट दाहाची. काही जिवाणूंच्या आवरणात एलपीएस नावाचा विषारी घटक असतो. आतड्याची भिंत सैल झाली की त्याचा थोडा थोडा अंश रक्तात झिरपत राहतो, शरीरात कमी तीव्रतेचा कायमचा दाह धुमसतो आणि इन्शुलिनचा प्रभाव घटतो. बेल्जियमच्या पॅट्रिस कानी यांनी २००७ साली उंदरांत हे दाखवले. तिसरी वाट पित्ताची. जिवाणू पित्तातल्या आम्लांचे रूप बदलतात, आणि ती बदललेली आम्ले चरबी व साखरेच्या चयापचयाला इशारे देतात. काही प्रोबायोटिक वाणे कोलेस्टेरॉल थोडे उतरवतात ती याच वाटेने.

यंत्रणा पटण्यासारख्या आहेत. पण यंत्रणा पटली म्हणजे गोळी लागू पडली, असे वैद्यकात होत नाही. त्यासाठी माणसांवरच्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या पाहाव्या लागतात.

माणसांवरचा हिशेब

पहिली लक्षवेधी चाचणी जपानची, २०१० सालची. पोटात जास्त चरबी असलेल्या ८७ जणांना बारा आठवडे रोज २०० ग्रॅम आंबवलेले दूध दिले. निम्म्यांच्या दुधात लॅक्टोबॅसिलस गॅसेरी एसबीटी२०५५ हे वाण होते. त्या गटात अवयवांभोवतीची चरबी ४.६ टक्क्यांनी आणि वजन १.४ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये २१० जणांवर पुन्हा चाचणी झाली, तेव्हा पोटातली चरबी सुमारे ८ टक्क्यांनी घटली. पण दूध बंद केल्यावर चार आठवड्यांतच फायदा ओसरू लागला.

२०१४ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १२५ लठ्ठ स्त्री-पुरुषांना आहार कमी करण्याबरोबर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचे एक वाण दिले. पहिल्या बारा आठवड्यांत ते घेणाऱ्या स्त्रियांचे वजन सरासरी ४.४ किलोने उतरले, नुसत्या दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्या स्त्रियांचे २.६ किलोने. पुरुषांत मात्र काहीच फरक पडला नाही. शिवाय त्या कॅप्सूलमध्ये जिवाणूंबरोबर त्यांचे खाद्य, म्हणजे इन्युलिनसारखे तंतूही होते. मग श्रेय कुणाचे?

हाच गुंता फिनलंडच्या २०१६ च्या चाचणीत दिसतो. २२५ जणांचे चार गट केले: एकाला बिफिडोबॅक्टेरियम बी४२०, दुसऱ्याला नुसते तंतू, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला नुसती दिखाऊ मात्रा. सहा महिन्यांनी दोन्ही घेणाऱ्या गटाच्या अंगावरची चरबी सुमारे १.४ किलोने कमी भरली. पण हा निकाल शेवटपर्यंत नियम पाळणाऱ्या १३४ जणांचा. सुरुवातीला नोंदवलेल्या सगळ्यांना धरून हिशेब केला तर फरक ठामपणे सिद्ध होत नव्हता. परीक्षेला बसलेल्यांपैकी फक्त नियमित हजर असलेल्यांचा निकाल लावावा, तसे हे झाले. या चाचण्यांच्या मागे बहुतेक वेळा ते वाण विकणारी कंपनीच असते, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण अपयशी चाचण्या कपाटात राहण्याची शक्यता वाढते.

सुट्या चाचण्या सोडून सगळ्यांची बेरीज पाहू. २०१८ मध्ये १५ चाचण्या आणि ९५७ माणसे यांचे एकत्रित विश्लेषण झाले. प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.६ किलोने जास्त उतरले. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ०.२७ ने. अंगातल्या चरबीचे प्रमाण ०.६ टक्क्याने. बहुतेक चाचण्या तीन ते बारा आठवड्यांच्या. ०.६ किलो म्हणजे सहाशे ग्रॅम; सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवून काट्यावर उभे राहिले तर त्याहून जास्त फरक दिसतो. तुलनेसाठी, २०२१ च्या मोठ्या चाचणीत जीएलपी-१ ची नक्कल करणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. त्या औषधाचे दुष्परिणाम आहेत, किंमत आहे, आणि ते थांबवल्यावर वजन परत येते. पण 'नैसर्गिक जीएलपी-१' म्हणून प्रोबायोटिक विकणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

प्रोबायोटिकचा भक्कम पुरावा कसा असतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशातल्या खेड्यांत ४,५०० हून अधिक नवजात बाळांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचे एक नेमके वाण, त्याच्या खाद्यासह, पहिल्या आठवड्यात दिले. जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. एक वाण, एक मात्रा, एक प्रश्न आणि हजारो बाळे. लठ्ठपणाच्या बाबतीत या तोडीची चाचणी अजून कुठेही झालेली नाही.

काट्यापलीकडचे आकडे

वजन हलले नाही तरी रक्तातले आकडे सुधारू शकतात. इथे चित्र जरा आशादायक आहे. रक्तदाबावरच्या नऊ चाचण्यांच्या २०१४ मधल्या विश्लेषणात वरचा आकडा सरासरी साडेतीन अंकांनी उतरलेला दिसला. मधुमेह असलेल्यांत उपाशीपोटीची साखर थोडी घटल्याचे अनेक विश्लेषणे सांगतात. मधुमेहाची गोळी सोडावी एवढे यात काही नाही.

सर्वांत जास्त चर्चा ॲकरमॅन्सिया म्युसिनिफिला या जिवाणूची. आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर खाऊन तो जगतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला २००४ मध्ये त्याचा शोध लागला. लठ्ठ आणि मधुमेही माणसांत तो कमी आढळतो. २०१९ मध्ये बेल्जियममध्ये, वजन जास्त आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या ३२ जणांवरच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. रोज एक हजार कोटी जिवाणू, तीन महिने. त्यातही गंमत अशी की जिवंत जिवाणूंपेक्षा पाश्चरीकरण केलेले, म्हणजे मेलेले जिवाणू जास्त उपयोगी ठरले. इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली, कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्क्यांनी उतरले. वजन सव्वादोन किलोने घटलेले दिसले खरे, पण तो योगायोग नाही असे ठामपणे म्हणता येण्याइतका फरक नव्हता. मेलेला जिवाणू काम करतो म्हटल्यावर व्याख्येतल्या 'जिवंत' या पहिल्याच अटीला धक्का बसला. पण बत्तीस माणसे म्हणजे लग्नातली एक पंगतही नव्हे.

सगळ्यांत टोकाचा उपाय म्हणजे एका माणसाची विष्ठा, गाळून, दुसऱ्याच्या आतड्यात सोडणे. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली चयापचय बिघडलेल्या पुरुषांना सडपातळ दात्यांचे जिवाणू असे दिले. सहा आठवड्यांनी इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली होती. वजन घटले नाही. २०१७ च्या मोठ्या चाचणीत अठरा आठवड्यांनंतर तो फायदाही नाहीसा झाला. सबंध वसाहत आणून वसवली तरी जुने रहिवासी परत येतात. मग दोन-चार जातींच्या कॅप्सूलकडून कायमच्या बदलाची अपेक्षा कशी ठेवायची?

आणि एक चाचणी चक्क उलटी गेली. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या ४११ गर्भवतींना गरोदरपणातला मधुमेह टळावा म्हणून प्रोबायोटिक दिले. २०१९ च्या निकालात दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्यांत मधुमेह १२.३ टक्के, प्रोबायोटिक घेणाऱ्यांत १८.४ टक्के. हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण मधुमेह टळला नाही हे नक्की. पुढे २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने गर्भवतींत रक्तदाब वाढण्याच्या गंभीर विकाराचा धोकाही प्रोबायोटिकमुळे वाढू शकतो, असे बजावले.

एकाला लागू, दुसऱ्याला नाही

इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये निरोगी माणसांच्या आतड्यात दुर्बीण घालून आतले नमुने घेतले. प्रोबायोटिक घेतल्यावर काहींच्या अस्तरावर ते जिवाणू बसले. काहींनी ते जसेच्या तसे बाहेर घालवले. विष्ठेत जिवाणू सापडले म्हणजे आतड्यात ते वसले असे नसते. येणे-जाणे चालू होते एवढेच. त्याच चमूने दुसऱ्या प्रयोगात पाहिले की ॲन्टिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतले तर माणसाचे स्वतःचे मूळ जिवाणू परतायला उलट उशीर होतो. 'ॲन्टिबायोटिकबरोबर एक प्रोबायोटिक लिहून द्या डॉक्टर' असे सांगणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांना हे कळायला हवे. जुलाब टाळण्यासाठी काही वाणांचा उपयोग होतो, पण सगळीकडे फायदाच असतो असे नाही.

आपली कंबर, आपले जिवाणू

या चाचण्या बहुतांशी जपान, कोरिया, युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या. आपला लठ्ठपणा वेगळा आहे, हे पुण्यातच दाखवले गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ, आतून चरबीदार. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ वर गेला की सावध व्हायचे असते, आणि पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीने देशात मधुमेहाचे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी लोक असल्याचा अंदाज दिला. पोट सुटलेल्यांचे प्रमाण ३९.५ टक्के.

जिवाणूही आपले निराळे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या कुळांचे प्राबल्य असल्याचे दाखवले आहे. धान्य-डाळी आणि चोथा खाणाऱ्या पोटांत प्रिव्होटेला जोमाने वाढते. जपानी पोटात सिद्ध झालेले वाण या गर्दीत कसे वागेल, हे भारतीयांवर मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि त्या करताना वजनाऐवजी कंबर, साखर आणि यकृतातली चरबी मोजायला हवी.

घरचे विरजण

मग आपल्या दह्याचे काय? कोमट दुधात करंगळी बुडवून अंदाज घ्यायचा, चमचाभर विरजण घोळवायचे, पातेले झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचे. रात्रभरात त्या चमच्यातले जिवाणू अनेक पटींनी वाढतात, दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दूध घट्ट होते. पण त्या चमच्यात कोणती वाणे आहेत, हे घरोघरी वेगळे असते. हिवाळ्यात वेगळे, शेजारणीकडून मागून आणलेल्या विरजणात आणखी वेगळे. यातले बरेचसे जिवाणू जठरातल्या आम्लात मरतात. व्याख्येच्या काटेकोर भाषेत घरचे दही प्रोबायोटिक ठरत नाही. ते आंबवलेले अन्न आहे.

तरी त्याचे गुण सिद्ध आहेत. दूध न पचणाऱ्यांना दही सोसते, कारण त्यातले जिवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात. प्रोबायोटिकचे दावे धडाधड फेटाळणाऱ्या युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेनेही हा दावा मान्य केला आहे. अमेरिकेत १ लाख २० हजार लोकांच्या दीर्घ पाहणीत रोज दही खाणाऱ्यांचे वजन वर्षागणिक कमी वाढलेले दिसले. अर्थात दही खाणारे इतर बाबतींतही जपून राहणारे असू शकतात. २०२१ मध्ये स्टॅनफर्डने ३६ निरोगी लोकांपैकी निम्म्यांना दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ दिले, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाची १९ प्रथिने घटली. तो वजनाचा प्रयोग नव्हता, पण दिशा आश्वासक आहे.

आंबवलेल्या सगळ्याच पदार्थांत जिवंत जिवाणू उरतात असेही नाही. इडली वाफवली, आंबोळी तव्यावर टाकली, ताकाची कढी उकळली की जिवाणू गेले. चव आणि पचायला हलकेपणा उरतो. साधे ताक, न उकळलेली ताकातली कोशिंबीर यांत ते असतात. आणि श्रीखंड हे दह्याचे असले तरी साखरेचे जास्त असते, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

जोखीम आणि खोक्यावरची अक्षरे

निरोगी माणसाला प्रोबायोटिक सहसा बाधत नाही. थोडा वात, पोट फुगणे, इतकेच. पण गंभीर आजाऱ्याला ते निरुपद्रवी धरू नये. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलेल्या चाचणीत, २००८ च्या अहवालानुसार, ते घेणाऱ्यांत १६ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत ६ टक्के. अतिदक्षता विभागातले, प्रतिकारशक्ती खालावलेले, कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण आणि गर्भवती यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.

आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे वाणापर्यंत ओळख आणि माणसांवरचा पुरावा मागतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असे म्हटले आहे. म्हणून खोके हातात घेतले की चार गोष्टी शोधाव्यात. जातीपुढे वाणाचा क्रमांक आहे का? जिवाणूंची संख्या वापराची मुदत संपेपर्यंतची आहे की भरतानाची? त्याच वाणावर, त्याच मात्रेत, वजनासाठी माणसांवर चाचणी झाली आहे का? आणि पेय असेल तर त्यात साखर किती? पहिल्याच प्रश्नाला बहुतेक खोकी गप्प बसतात.

मधुमेह टाळायचा भारतात सिद्ध झालेला मार्ग जुना आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात, साखर उंबरठ्यावर असलेल्यांनी नुसता आहार आणि चालणे सुधारून तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटवला. त्यासाठी कॅप्सूल लागली नाही.

तेव्हा महिन्याला या खोक्यांवर जाणारे पैसे ज्वारी, मटकी, पालेभाज्या आणि घरच्या ताकावर खर्च करावेत. पोटात आधीच राहणाऱ्या जिवाणूंना जेवू घालावे. नवे विकत आणण्याची घाई नको. वजनासाठी प्रोबायोटिक कॅप्सूल आजच्या पुराव्यावर घेण्याजोगी नाही. एखाद्या नेमक्या वाणाने हजारो भारतीयांची कंबर आणि साखर उतरवून दाखवली, तर हा निकाल बदलायला हरकत नाही. तोवर वजनकाट्याऐवजी शिंप्याची टेप घ्यावी आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.